नोकरी सांभाळून पायलट व्हायचंय? पेण-रोह्याहून फ्लाइंग स्कूल निवडताना

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न सारखा येतो: "अरे, आता तर विमानतळ दारात आला, मग तिथेच का नाही शिकत?" विचारणाऱ्यांत आमच्या आळीतले काका आहेत, रोह्याचा मामा आहे, आणि ऑफिसमधले दोघंतिघं जण आहेत ज्यांना स्वतःलाच शिकायचंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, राहतो पेणला, नोकरी ऐरोलीत, आणि विमान शिकणं शनिवार-रविवारी. त्यामुळे पूर्णवेळ कोर्स करणाऱ्यांसाठी भरपूर माहिती उपलब्ध असली तरी नोकरी न सोडता शिकणाऱ्याने स्कूल कसं निवडायचं, यावर सगळं एका जागी लिहून ठेवावं म्हटलं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ताशी दर, विमानांची संख्या, हॉस्टेलचे फोटो हे सगळं नंतर बघा. आधी एक आकडा काढा: तुम्हाला मोकळ्या असलेल्या दिवसांत हे स्कूल तुम्हाला वर्षभरात खरोखर किती तास उडवेल? बाकी बहुतेक उत्तरं या एका आकड्यातून निघतात.

रायगडमध्ये स्कूल का नाही?

प्रवासी विमानतळ आणि फ्लाइंग स्कूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकणारा माणूस एकाच धावपट्टीभोवती गोल फेऱ्या मारतो. उतरायचं, लगेच पुन्हा उडायचं, असं तासाभरात सहा-सात वेळा. याला सर्किट म्हणतात. मागे एअरबस उतरायच्या रांगेत असताना हे करता येत नाही. आपल्या डोक्यावर तर सांताक्रूझ आणि नवी मुंबई अशा दोन मोठ्या विमानतळांची वाहतूक आहे. छोट्या विमानाला तिथे मोकळं सोडणार कोण?

एके काळी मात्र मुंबईतच शिकता यायचं. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं पायलट लायसन्स मिळालं, ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. हा क्लब १९२८ चा, जुहूचा. आज त्याचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं, यावरून काय ते समजा.

आता आपल्याला पर्याय कोणते? बारामतीच्या एमआयडीसीतल्या धावपट्टीवर कार्व्हर आणि रेडबर्ड या संस्था आहेत. धुळ्यात बॉम्बे फ्लाइंग क्लब, त्याच्या पुढे शिरपूरला एनएमआयएमएसची अकॅडमी. गोंदियाजवळ बिरसीला एनएफटीआय. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये फ्लाइंग स्कूलसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव आणि बेळगाव होते. अमरावतीत एअर इंडियाची मोठी अकॅडमी ठरली आहे, पण ती एअरलाइनच्या पूर्णवेळ कॅडेटसाठी. आपल्यासारख्यांचा तिथे विचार नाही.

पेणहून खोपोली, एक्सप्रेसवे, पुणे करत बारामती दोनशे किलोमीटरच्या थोडं वर पडते. रोह्याहून आणखी चाळीसेक धरा, किंवा कोलाड-ताम्हिणी करून जा. धुळं साडेतीनशेच्या वर. गोंदियाला तर ट्रेनमध्येच वीकेंड संपेल.

एक सावधगिरी इथेच. पनवेल, वाशी, ठाण्यात "एव्हिएशन अकॅडमी" अशा पाट्या भरपूर दिसतात. त्यातल्या बऱ्याच जागी फक्त थिअरीचे क्लास किंवा केबिन क्रूचे कोर्स असतात, विमान एकही नसतं. थिअरीसाठी तिथे जायला हरकत नाही, पण "आम्ही स्कूलपण देतो" म्हणून पॅकेज विकलं तर आधी डीजीसीएच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त एफटीओंची यादी उघडा. एफटीओ म्हणजे फ्लाइंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशन. ज्या संस्थेकडे पैसे भरायचे तिचं नाव त्या यादीत हवं आणि मान्यतेची मुदत संपलेली नको.

लायसन्स कुठलं?

थोडक्यात सांगतो. एसपीएल हे विद्यार्थ्याचं, वय १६ पूर्ण आणि दहावी पास. यावर प्रवासी नेता येत नाही. पीपीएल हे खाजगी, वय १७. मित्रांना घेऊन फिरता येतं, पण त्याचे पैसे घेता येत नाहीत. सीपीएल हे व्यावसायिक, वय १८, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअर झालेल्यांनी आपली पात्रता चालते का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. आपल्याकडे लोणेऱ्याला किंवा मुंबईला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेले भरपूर आहेत, त्यांना हा प्रश्न हमखास येतो.

पीपीएलला किमान ४० तास उड्डाण लागतं. त्यात २० तास एकट्याने, आणि एकट्याने केलेलं ५ तासांचं क्रॉस-कंट्री, ज्यात एक फेरी १५० सागरी मैलांची, म्हणजे जवळजवळ २७८ किलोमीटरची. सीपीएलला २०० तास. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, २० तास क्रॉस-कंट्री, १० तास इन्स्ट्रुमेंटवर आणि ५ तास रात्रीचं उड्डाण.

आणि सीपीएलच्या नियमात अजून एक ओळ आहे. माहितीपत्रकात ती कुणी ठळक छापत नाही, पण वीकेंडवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

पाच वर्षांची खिडकी

हे २०० तास अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत पूर्ण झालेले हवेत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही रोलिंग विंडो आहे. सर्व्हरवर जशा जुन्या लॉग फाइल आपोआप पुसल्या जातात, तसे पाच वर्षांपूर्वीचे तास या मोजणीतून गळून पडतात. लॉगबुकमध्ये राहतात, पण या अटीपुरते धरत नाहीत.

आता वीकेंडचं गणित करू. वर्षात ५२ वीकेंड. जून ते सप्टेंबरचे साधारण १७ सोडून द्या, राहिले ३५. दिवाळी, लग्नं, ऑफिसचं रिलीज, घरातलं आजारपण यात पाच जातात. (गणपती बहुतेक वेळा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच येतात, त्यामुळे ते वेगळे धरत नाही. पेणच्या माणसाला त्या दिवसांत विमान सुचणारही नाही.) उरले ३०. दर वीकेंडला दोन दिवस, दिवसाला एक तासाचा एक स्लॉट, म्हणजे ६० स्लॉट. त्यातला दर तिसरा रद्द होतो असं धरा: धुरकट हवा, जोराचा वारा, विमान हँगरमध्ये, इन्स्ट्रक्टर रजेवर. हाती आले ४० तास.

वर्षाला ४० तास म्हणजे पीपीएल कागदावर एका वर्षात. प्रत्यक्षात किमान तासांत फार थोडे जण तयार होतात, तेव्हा दीड वर्ष म्हणा. पण सीपीएल? २०० भागिले ४०, बरोब्बर पाच वर्षं. खिडकीच्या अगदी काठावर. आणि स्कूल जरा ढिलं निघालं, दर तिसऱ्याऐवजी दर दुसरा स्लॉट रद्द झाला, तर वर्षाला ३० तास, म्हणजे पावणेसात वर्षं. तेव्हा शेवटचे तास भरताना सुरुवातीचे बाहेर गळत असतील. हे भांडं कधी भरणारच नाही.

लक्षात घ्या, या दोन्ही उदाहरणांत दर तोच, विमान तेच, विद्यार्थी तोच. फरक फक्त रद्द होणाऱ्या स्लॉटचा. म्हणून माझं स्पष्ट मत: नुसत्या वीकेंडवर पीपीएल करा, सीपीएल नको. सीपीएल हवंच असेल तर मध्ये तीन-चार महिन्यांची बिनपगारी रजा बसवा आणि ती मिळेल याची खात्री आधी करा.

"ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी का नाही?" हाही नेहमीचा प्रश्न. बाहेर बघून करायचं उड्डाण, ज्याला व्हीएफआर म्हणतात, ते साधारणपणे सूर्योदयाआधी २० मिनिटं ते सूर्यास्तानंतर २० मिनिटं एवढ्या वेळातच करता येतं. साडेसहाला लॅपटॉप बंद करून काही उपयोग नाही, आणि धावपट्टी दोनशे किलोमीटरवर असताना तर नाहीच नाही.

स्कूल बघायला रविवारी जा

सगळेजण सोमवार ते शुक्रवार कधीतरी सुट्टी काढून स्कूल बघायला जातात. तुम्ही ज्या दिवशी उडणार त्याच दिवशी जा. मी एका स्कूलमध्ये (नाव नको) फोनवर विचारलं तेव्हा "वीकेंड बॅच आहे ना सर" असं उत्तर मिळालं. रविवारी सकाळी साडेआठला पोचलो तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आज कुणी नसतं साहेब, सोमवारी या." विमानं ओळीने झाकून ठेवलेली. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरची साप्ताहिक सुट्टी रविवारी, आणि जबाबदार इन्स्ट्रक्टर हजर नसेल तर विद्यार्थ्याला एकट्याने सोडणार कोण? त्या स्कूलमध्ये वीकेंड म्हणजे शनिवार दुपार. माझे ६० स्लॉट तिथे ३० झाले असते.

पोचल्यावर विमानं मोजू नका, उडणारी विमानं मोजा. माहितीपत्रकात बारा विमानं असतील. त्यातलं एक अपघातानंतर कोपऱ्यात पडलेलं, दोन इंजिनाची वाट बघत, एक कागदपत्रांत अडकलेलं, दोन चालू देखभालीत. राहिली सहा. प्रत्येक विमान दिवसाला पाच तास उडतं असं धरलं तर ३० तास. विद्यार्थी ६० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला अर्धा तास, आणि हे सगळे तिथेच हॉस्टेलवर राहणारे, रोज सकाळी हजर असणारे. तुम्ही शनिवारी बारामती एसटीतून उतरून त्यांच्याच रांगेत उभे राहणार.

रांगेचं एक गणित आम्ही सर्व्हरसाठी रोज वापरतो, ते इथेही लागू होतं. एखादी गोष्ट ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर रांग बरी असते. ९० टक्के झाली की रांग दुपटीहून लांब होते, आणि ९५ टक्क्यांना पुन्हा दुप्पट. म्हणजे विमानं सदैव हवेत दिसणारं स्कूल पाहुण्याला झकास वाटतं, पण रद्द झालेला स्लॉट भरून द्यायला त्याच्याकडे जागाच नसते. पूर्णवेळवाल्याचा सोमवारचा स्लॉट गेला तर मंगळवारी मिळतो. आपला गेला तर आठवडा गेला. आपल्याला थोडी मोकळीक असलेलं, जरा "कमी चालणारं" स्कूल जास्त परवडतं, मग तासाचा दर हजार रुपये जास्त का असेना.

देखभालीचंही असंच. सेसना १७२ सारख्या विमानाची दर १०० तासांनी मोठी तपासणी होते, मध्ये ५० तासांनी छोटी. दिवसाला पाच तास उडणारं विमान वीस दिवसांत हँगरच्या दारात उभं असतं. तपासणी कुठे होते, देखभाल इंजिनिअर स्कूलचा स्वतःचा आहे की पुण्या-मुंबईहून येतो, सुटे भाग आले नाहीत तर विमान किती दिवस उभं राहतं, हे विचारा. उत्तर ऑफिसमध्ये बसलेल्या काउन्सेलरकडून घेऊ नका. कॅन्टीनमध्ये चहा पिणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या विद्यार्थ्याला विचारा: "गेल्या महिन्यात किती तास झाले रे?" माझ्या अनुभवात यापेक्षा उपयोगी प्रश्न नाही. पाच जणांना विचारा आणि मधला आकडा धरा. सगळ्यात जास्त सांगणारा आणि सगळ्यात जास्त वैतागलेला, दोघांनाही सोडून द्या.

डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून एफटीओंना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. सर्वात वर ए++, मग ए+, ए, बी आणि सी. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती, यातच काय ते आलं. यादी जरूर बघा. फक्त ती आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांचा वेगळा हिशोब करत नाही, हे ध्यानात ठेवा. ए श्रेणीचं स्कूल रविवारी बंद असू शकतं.

सुरक्षितता

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो बरोबरच असतो. १९ आणि २२ ऑक्टोबर २०२३, चार दिवसांत दोनदा, बारामतीत एकाच संस्थेच्या विमानांना अपघात झाले. डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण तात्पुरतं थांबवलं. आमच्या बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे मी विषय काढला तेव्हा पहिलं वाक्य तेच: "तिथेच जाणार का?"

मी त्यांना अपघाताचे अहवाल दाखवले. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एएआयबीचे अहवाल वेबसाइटवर असतात, कुणीही वाचू शकतो. विद्यार्थी काय करत होता, इन्स्ट्रक्टर काय करत होता, देखभालीची नोंद कशी होती, हे त्यात सविस्तर येतं. ज्या संस्थेत जायचं तिचं नाव टाकून शोधा. अपघात झालेला असणं एवढ्यावर संस्था बाद करू नका. त्याच प्रकारची चूक पुन्हा दिसते का ते बघा. आणि भेटीच्या वेळी सरळ विचारा, "त्या घटनेनंतर तुम्ही काय बदललं?" चांगला इन्स्ट्रक्टर पाच मिनिटं बोलतो. विषय बदलणारा असेल तर नमस्कार करून निघा.

दुसरं, उघड असूनही सुटणारं: विमानापेक्षा रस्त्याची काळजी घ्या. वर्षाला ३० वीकेंड, येऊन-जाऊन ४२० किलोमीटर, म्हणजे १२,६०० किलोमीटर. पहाटे तीनला पेणहून गाडी काढून आठला कॉकपिटमध्ये बसणं हा वेडेपणा आहे. मी शुक्रवारी रात्री पुण्यात मावशीकडे मुक्काम करतो आणि सकाळी स्वारगेटहून विनाथांबा एसटी पकडतो. बारामतीतच खोली घेतली तर अजून बरं. स्कूलच्या हॉस्टेलवर फक्त शनिवारची रात्र राहता येते का, की महिन्याचं भाडं भरावं लागतं, हे विचारून ठेवा.

हवा

बारामतीला स्कूलं वाढली यात हवेचा वाटा आहे. पेण-रोह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट ओलांडून पर्जन्यछायेत गेलं की पाचशेच्या आसपास. त्यामुळे रोह्यात कुंडलिका दुथडी भरून वाहत असते तेव्हा बारामतीत चक्क ऊन असू शकतं. मग मी गणितात पावसाळा पूर्ण का सोडला? कारण वारा. जून-जुलैत घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा पठारावर जोरात असतो, आणि तो धावपट्टीला आडवा आला की विद्यार्थ्याला उडू देत नाहीत. सेसना १७२ साठी कंपनीने दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट, छोट्या १५२ साठी १२. विद्यार्थ्यासाठी स्कूलची मर्यादा त्याहून कमी असते. शिवाय घाट तुम्हालाच पार करायचाय, भर पावसात.

हिवाळ्यात उलटं. वारा शांत, पण सकाळी धुकं आणि धुरकं. दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली असली की व्हीएफआर बंद. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन तापून विमान इतकं हिंदकळतं की नवख्याला उलटी होते, आणि गरम हवेत पंख आणि इंजिन दोघांचंही बळ कमी पडतं, धावपट्टी जास्त लागते. म्हणून वर्षभर सकाळचे पहिले दोन-तीन तास सोन्याचे. स्लॉट ठरवताना "शनिवारी कधीतरी" यावर राजी होऊ नका, सकाळचा मागा. अर्थात बाकीच्या साठ जणांनाही तोच हवा असतो.

पैसे

ताशी दर १२-१५ हजारांपासून वर जातो. १५ हजार धरले तर ४० तासांचे सहा लाख, ५० तास लागले तर साडेसात. त्यावर परीक्षा, मेडिकल, गणवेश, मुक्काम, प्रवास. सीपीएलचं पॅकेज ४०-५० लाखांच्या घरात.

जुन्या सेसना ज्या इंधनावर चालतात ते एव्हगॅस महाग असतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते गुजरात रिफायनरीतून काढायला सुरुवात केली, त्याआधी आपण ते बाहेरूनच आणत होतो. डायमंडची काही नवी विमानं साध्या जेट इंधनावर चालतात. "इंधन महागलं तर दर वाढेल" हे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं. किती वाढेल याला वरची मर्यादा लिहिलेली आहे का, ते बघा.

तास मोजतात कसा, हेही करारात हवं. इंजिन चालू झाल्यापासून, चाकं हलल्यापासून, की हवेत गेल्यापासून? पाच विमानं रांगेत असतील तर जमिनीवरच दहा मिनिटं जातात, आणि ती तुमच्या खिशातून.

पण मुख्य गोष्ट ही की एकरकमी फी भरू नका. सवलत दाखवतील: "आज भरलंत तर दोन लाख कमी." पूर्णवेळवाला वर्षभरात ते पैसे उडवून संपवतो. आपले पैसे तिथे दोन-अडीच वर्षं पडून राहणार. तेवढ्यात संस्थेचं काम थांबलं, मालक बदलला किंवा कंपनीने तुमची बदली बंगळुरूला केली, तर उरलेल्या तासांचं काय? प्रत्येक उड्डाणाचे पैसे उड्डाणानंतर, किंवा फार तर दहा तासांचे आगाऊ, यावर अडून राहा. परताव्याचं कलम, किती दिवसांत आणि किती कापून, लेखी घ्या. मी ज्या स्कूलमध्ये शेवटी नाव घातलं ते या एका अटीवर. त्यांचा दर दुसऱ्यांपेक्षा जास्तच आहे.

घरी बसून होणारी कामं

स्कूलला एक रुपया देण्याआधी मेडिकल करा. एसपीएल-पीपीएलला क्लास २, सीपीएलला क्लास १. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांची यादी वेबसाइटवर आहे. पुढे कधीतरी सीपीएलचा विचार असेल तर क्लास १ लवकर उरका. रंगांधळेपणासारखी गोष्ट दोन लाख खर्च झाल्यावर कळण्यात काय अर्थ आहे? चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं.

थिअरी हे आपल्यासारख्यांचं बलस्थान. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, हवामान, टेक्निकल. यातलं काहीच विमानतळावर बसून शिकायची गरज नाही. बारावीचं फिजिक्स आणि व्हेक्टर आठवत असतील तर नेव्हिगेशन मजेत होतं. पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, नव्या विमान कायद्यानंतर ती डीजीसीएकडे आली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून अर्ज करू नका.

दोन वीकेंडमध्ये आठवडा जातो आणि हात विसरतो, हे वीकेंडवाल्यांचं खरं दुखणं. त्यावर मी घरच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर ठेवलाय. एका साध्या जॉयस्टिकवर चेकलिस्ट आणि रेडिओचे शब्द घोकतो. हे तास लॉगबुकमध्ये धरत नाहीत, पण शनिवारचा पहिला अर्धा तास उजळणीत जात नाही. आई खालून ओरडते, "कुणाशी बोलतोयस रे एकटाच?"

अजून दोन वाटा

पुण्याला हडपसरमध्ये डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे, १९५० पासूनचं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, विंचने दोर ओढून वर सोडतात. खर्च कितीतरी कमी, अंतर बारामतीच्या निम्मं, आणि विमान "हाताला" कसं लागतं हे तिथे जितकं कळतं तितकं दुसरीकडे नाही. तिथली उड्डाणं बाराही महिने चालू असतात असं नाही, तेव्हा फोन करूनच घाट चढा.

दुसरी वाट परदेशात असणाऱ्यांसाठी. कंपनीने दोन वर्षं अमेरिकेला पाठवलंय असे आपल्याकडे घरटी एक असतील. तिथे पार्ट १४१ आणि पार्ट ६१ असे दोन प्रकार आहेत. १४१ म्हणजे ठरलेल्या अभ्यासक्रमाचं स्कूल, आणि ६१ मध्ये तुम्ही आणि तुमचा इन्स्ट्रक्टर आपल्या सोयीने शिकता. नोकरी करणारे बहुतेक ६१ नेच शिकतात, गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर, घरापासून अर्ध्या तासावर. प्रायव्हेट लायसन्सला तिथेही किमान ४० तासच. परत आल्यावर ते भारतीय लायसन्समध्ये बदलायला इथल्या परीक्षा आणि कागदपत्रं लागतात, पण उडालेले तास वाया जात नाहीत. माझा टेक्सासमधला मावसभाऊ असाच शिकला. आठवड्यात दोनदा, ऑफिसला जायच्या आधी सकाळी सातला. त्याचे पीपीएलचे तास नऊ महिन्यांत झाले. मी आत्ता एकतिसाव्या तासावर आहे.